हुजूर दौऱ्यावर आहेत

निजामीच्या अखेरच्या दिवसांत उस्मानाबाद जिल्ह्यातला तहसीलदार कधी मुसलमान असे, कधी कायस्थ, क्वचित आपलाच एखादा देशपांडे. शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून डोक्यावर दस्तार चढली की तिघांत फरक उरत नसे. खाली माणूस एकच, हुजूर.

हुजुरांचा भरवसा कागदावर. गावात पटकी आली तरी गिरदावराचा अहवाल येईपर्यंत ती आलेली नसे. विहीर आटली तरी दफ्तरात तिला पाणी असे आणि त्या पाण्यावर सारा. कुणब्याने गाऱ्हाणं मराठीत सांगायचं, अर्जनवीसाने ते उर्दूत उतरवायचं, पेशकाराने हुजुरांपुढे वाचायचं आणि हुजूर देशपांडे असले तर त्यांनी ते मनातल्या मनात परत मराठीत करून घ्यायचं. या प्रवासात म्हशीचा रेडा झाला तरी मिसल बिनचूक!

हुजुरांचा दौरा निघाला की गावाला घाम फुटे. वेठीला माणसं धरली जात, घोड्याला कडबा येई, दुधाच्या चरव्या येत. हुजूर स्वतः मात्र निर्लोभी. त्यांनी कोंबडी कधी मागितली नाही. एवढंच म्हणत, “पाटील, तुमच्या गावात कोंबडे फार आरवतात.”

१५ ऑगस्ट १९४७ ला हद्दीपलीकडे बार्शीत, सोलापुरात तिरंगे लागले. हुजुरांच्या भिंतीवर फसली १३५६ होतं, ते संपल्यावर रीतसर १३५७ लागलं. सुट्टी शुक्रवारची, पगार हाली शिक्क्यात, सात हालीला सहा कलदार. राज्य हलतंय असं कुणी कुजबुजलं, की ते गश्ती निशान ५३ दाखवत. परवानगीवाचून सभा भरवायला बंदी होती. राज्य बुडवायचं झालं तरी अर्ज आधी यायला हवा होता.

मग सत्याग्रही रात्री शिंदीची झाडं तोडू लागले, निजामाचा आबकारी महसूल बुडावा म्हणून. हुजुरांनी तोडणाऱ्यांआधी बुंध्यांचा शोध घेतला. बुंधे मोजवले, तक्ता केला आणि वर विचारणा धाडली, की पडलेल्या झाडाची शिंदी कुणाच्या नावे वसूल करावी? करोडगिरीचं नाकं जळालं तेव्हा त्यांनी जळालेल्या पावतीबुकाचा हिशेब मागितला.

लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला, गावं लुटली जाऊ लागली. इथे हुजुरांवर हसणं जड जातं. रडत आलेल्या माणसांच्या अर्जावर त्यांनी ‘मुनासिब कार्रवाई हो’ असा शेरा मारला आणि मिसल बंद केली. स्वतः त्यांनी कुणावर हात उचलला नाही. त्यांच्या शेऱ्याआड लुटारूंना मात्र वेळ भरपूर मिळाला.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरकडून शिरल्या आणि नळदुर्गाजवळचा बोरीवरचा पूल त्यांच्या हाती आला. तहसीलीत चौकशी केली तर उत्तर मिळे, “हुजूर दौऱ्यावर आहेत.” १७ तारखेला निजाम शरण आला. पाच दिवसांत राज्य पडलं! तेवढ्या वेळात तहसीलीतून साधी नक्कल मिळत नसे. पुढे जिल्ह्यातल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला आणि त्याच्या चौकशीचा सुंदरलाल समितीचा अहवाल दिल्लीत कैक वर्षं दाबून ठेवला गेला. मिसल बंद करण्याची कला एकट्या हुजुरांची नव्हती.

शेजारच्या प्रांतांतून नवे अधिकारी आले. काही हुजूर गेले, काही टिकले. टिकलेल्यांनी शेरवानीची वरची गुंडी सोडली आणि ‘आदाब’ऐवजी ‘नमस्कार’ सुरू केला. नव्या साहेबांना शेतसारा कळत होता, पण उर्दू दफ्तर वाचता येईना. हुजुरांना बोलावणं आलं. त्यांनी अदबीने शिंदीची मिसल पुढे केली. बुंधे तेच, आकडे तेच. फक्त गुन्हेगारांच्या रकान्यावर आता ‘देशसेवक’ लिहिलं होतं आणि यादीत पहिलं नाव हुजुरांचं होतं.