भुट्टेवाले काकाजी

नाचणगावात डेपोतून रिटायर झालेला माणूस ओळखायचा असेल तर भादव्यात त्याच्या घरी जावं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, मांडीवर कालचा पेपर पसरून जो गृहस्थ भुट्टे सोलतो आणि आत चाललेल्या कामावर देखरेख ठेवतो, तो डेपोतला. एरवी हा माणूस प्यायचं पाणी घ्यायलासुद्धा आत जात नाही, बैठकीतूनच आवाज देतो. भुट्ट्याच्या दिवसांत मात्र घरातल्या बाईला त्याच्या मदतीला तोंड द्यावं लागतं.

असा एक नमुना गल्लीगल्लीत आहे, म्हणून नाव कशाला घ्या. आपण काकाजी म्हणू. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचं पूर्ण नाव आमच्याकडे फक्त पेपरात छापून येतं. बोलण्यात तो डेपो. काडीपेटी गेटवरच ठेवून आत जायचं, हा तिथला नियम. सारी नोकरी अशा गेटातून ये-जा करण्यात गेलेला माणूस विस्तवाकडे संशयानंच पाहणार. काकूंनी गॅसच्या बटणाला हात लावला रे लावला की बाहेरून प्रश्न येतो, "पाइप पाह्यला का वं?" पाइप जागेवरच असतो. काकू उत्तर देत नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे पाइप ठीक आहे, अशी काकाजी मनातल्या मनात नोंद करतात.

खरेदी ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. वावरात पऱ्हाटी नि सोयाबीन, भुट्टे धुऱ्यावर लावलेले, तेही घरच्यापुरते. त्यातले अर्धे रानडुकरांच्या वाट्याला जातात. मग पुलगावच्या बाजाराशिवाय गत नाही. तिथे ढिगासमोर उकिडवे बसून काकाजी एकेक कणीस हातात घेतात. पान हिरवं आणि घट्ट हवं, शेंड्याचा तुरा तपकिरी हवा पण सडका नको. मग अंगठ्यानं पान जरासं फाकवून दाण्यात नख रोवायचं. पाण्यासारखा रस आला तर कोवळा, दुधासारखा आला तर बरोबर, काहीच आलं नाही तर म्हशीला घाला. कसोटी शंभर नंबरी आहे. पण ती दहाव्या कणसावर चालू असताना विकणारी बाई म्हणते, "काकाजी, नख मारलं तो भुट्टा तुमचाच बरं का." त्यामुळे घरी येणाऱ्या थैलीत काकाजींनी नापास केलेलेच भुट्टे जास्त असतात.

गोड मक्याला बाजारात 'अमेरिकन' म्हणतात, आणि तेवढ्यानंच काकाजींचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. शेतकी शिकलेल्या पुतण्यानं एकदा समजावून पाहिलं, की काकाजी, मका सगळाच तिकडचा. मेक्सिकोत हजारो वर्षांपूर्वी माणसानं तो गवतापासून घडवला, आणि कोलंबस तिकडे जाऊन आल्यावर समुद्रामार्गे इकडे आला. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "असंन," ते म्हणाले, "पण तो येऊन पिढ्या झाल्या, तो आता आपलाच. हा काल आला." यावर पुतण्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नाही.

काकाजींचा मुख्य सिद्धांत मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुट्टा तोडला की त्याची घडी सुरू होते, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. कणीस झाडापासून सुटलं तरी दाणा जिवंत असतो आणि आतल्या साखरेचा स्टार्च करत बसतो. उन्हात ठेवलं तर हे काम आणखी झपाट्यानं होतं. म्हणून सकाळी तोडलेला भुट्टा दुपारी गोड नि दुसऱ्या दिवशी पिठूळ. एवढं कळल्यावर दुसऱ्या कोणी भुट्टे फ्रिजमध्ये टाकून विषय संपवला असता. काकाजी हिरव्या पानावर मार्करनं वेळ लिहितात. वावरातला असेल तर तोडल्याची, बाजारातला असेल तर बाईला विचारून अंदाजे. आधी आलेला आधी जाईल, हा भांडाराचा नियम, तो टोपलीलाही लागू. काकूंनी वरचा भुट्टा उचलला की, "तो नाही, सहा-चाळीसवाला घे!"

पुतण्यानं दुसरी एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर घातलेली नाही, आणि घालूही नये. १९५०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एका संशोधकानं सुरकुतलेला, आक्रसलेला एक मक्याचा दाणा चघळून पाहिला तर तो विलक्षण गोड निघाला. त्या गुणाचे जे वाण पुढे आले, त्यांच्यात साखर दुपटीहून जास्त असते आणि ती लवकर मोडत नाही, थंडाव्यात तर कितीतरी दिवस टिकते. म्हणजे 'अमेरिकन' भुट्ट्याला मार्करची गरज फारशी उरलेलीच नाही. हे काकाजींना कळलं तर भादवा कसा काढायचा?

सोलणं हा त्यांचा खरा प्रांत. पानं एकेक करून खाली ओढायची, देठाशी मोडायची, मग ओल्या फडक्यानं केस पुसून काढायचे. मुलं भोवती जमली की ते प्रश्न घालतात, "सांगा, ओळी किती?" उत्तर कितीही असो, सम असतं, विषम ओळींचा भुट्टा सापडला तर शंभर रुपये. हे शंभर रुपये अजून कोणी जिंकलेले नाहीत. शिवाय प्रत्येक केस एकेका दाण्याचा, ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही, हेही ते सांगतात. ते सांगेपर्यंत एकच भुट्टा सोलून होतो.

तोवर आत काकूंचे सात झालेले असतात. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. सुरीच्या टोकानं एकच ओळ उकरून काढायची, म्हणजे शेजारच्या ओळीला पडायला जागा होते. मग अंगठा आडवा लावून रेटत जायचं. दाणे एकामागून एक मुळासकट परातीत पडतात, एकही फुटत नाही. उकडायचे ते चार-पाच मिनिटांत बाहेर. किसाला मात्र नुसता गोड मका त्या घेत नाहीत, तो पाणी सोडतो आणि कढईत त्याची खीर होते. त्यात अर्धे गावरान, जरा निबर भुट्टे किसणीवर किसून घालायचे. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद. त्यावर कीस, झाकण, मधूनमधून दुधाचा हबका. कडेनं सुटू लागला की लिंबू पिळायचं आणि वर बचकभर सांबार. भाजायलाही गावरानच. गोडाचे दाणे निखाऱ्यावर चिंबतात, गावरानाचे फुटतात, आणि त्या चट्‌चट् आवाजानं काकाजी खुर्ची दोन हात मागे घेतात.

बशी हातात आली की पहिला घास घेऊन काकाजी डोळे मिटतात. "पाह्यलं?" ते म्हणतात, "येळेवर सोलला म्हणून." काकू गॅसचं बटण बंद करून दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात.

नाचणगावाकडे भादव्यात येणं झालं तर रिकाम्या हातानं येऊ नका. भुट्टे आणा, पण सालासकट आणा, आणि ते केव्हा तोडले याची वेळ वाटेतच सगळ्यांनी मिळून एक ठरवून ठेवा. दोघांनी दोन वेळा सांगितल्या की चौकशी बसते, आणि ती आटोपेस्तोवर इकडे कोणी जेवत नाही.