इथं पाहुणं कुणीच नाही

जानेवारी 2020 मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. गावाचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या खुर्चीवर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि लगेच काहींच्या पोटात दुखलं. फादर कशाला? धर्मगुरू कशाला? उद्घाटक ना. धों. महानोरांवर तर जाऊ नका म्हणून दबाव आला. महानोर आले आणि उद्घाटन केलंच.

आक्षेप घेणाऱ्यांनी संमेलननगरीला नाव कुणाचं दिलंय एवढं तरी बघायचं होतं. नाव होतं गोरोबाकाकांचं. तेरच्या या कुंभारानं संतांच्या मेळ्यात एकेकाचं डोकं थापटून पाहिलं, अशी कथा आहे. मडकं पक्कं भाजलंय की कच्चं राहिलंय, एवढंच त्यांना बघायचं होतं. खुद्द नामदेवांना कच्चं ठरवताना काकांनी भीड धरली नाही. त्या परीक्षेत कुणाला जात विचारली नाही, देव कोणता तेही विचारलं नाही. मग फादरांना तीच परीक्षा लावा. ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवलं. वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरले. त्यांच्याही आधी चारशे वर्षांपूर्वी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांमध्ये छापून आलं होतं. आणखी किती भाजायचं मडकं?

पण मला जास्त खटकलं ते बाजू घेणाऱ्यांचं बोलणं. ‘बघा, आपण किती सहिष्णू, परधर्माच्या माणसालाही मान दिला.’ मान दिला म्हणजे काय? घर आपलं आणि फादर पाहुणे? 2011 च्या जनगणनेत देशात हिंदू सुमारे 80 टक्के, महाराष्ट्रातही तेवढेच. त्या आकड्याच्या जोरावर बाकीच्या वीस टक्क्यांना ओसरीवर बसवून चहा पाजायचा आणि त्याला औदार्य म्हणायचं, ही सवय आता मोडली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तर हे घरमालकाचं सोंग एक दिवसही टिकणार नाही.

तेरला जा. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि तसेच त्रिविक्रमाच्या देवळाकडे वळा. पुढचा मंडप सपाट छताचा, नेहमीच्या देवळासारखा. आत पाय उचललेला विष्णू. आता बाहेर येऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा. भिंत चौकोनी नाही, अर्धगोल वळत जाते. वर विटांचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं फुगीर. दर्शनी भागावर लेण्यांत दिसते तसली चैत्यकमान. हेन्री कझिन्ससारख्या अभ्यासकांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह मानलं. पुढे काहींनी त्यावर वाद घातला, तो घालू द्या. तेरच्या उत्खननात स्तूपाचे अवशेष निघाले आहेत आणि गावात महावीराचं जुनं मंदिरही आहे. हेच ते तगर, ज्याचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचा, असं ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक माणसानं दोन हजार वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय. बाजारपेठेचं गाव एका देवावर चालत नाही. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली कपाटं नीट पाहिली तरी हे ध्यानात येतं.

धाराशिवची लेणी शहरापासून जवळच. मूळची बौद्ध की जैन यावर पंडितांचं एकमत नाही. आत पार्श्वनाथ आहेत, आणि कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’त तेरापूरच्या लेण्यांची हकीकत येते. भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण-देशभूषण मुनींचं हे निर्वाणस्थान जैनांना मोठं तीर्थ, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी सप्टेंबर 1955 मध्ये सल्लेखना घेऊन इथंच देह ठेवला. उमरग्याकडे लिंगायत घरं दाट. तुळजापूरबद्दल मी काय सांगायचं?

आणि शहराच्या मधोमध हजरत ख्वाजा शमसोद्दीन गाझींचा दर्गा. उरसात तिथं नवस फेडायला येणाऱ्या बायकांत कुंकू लावलेल्या किती असतात ते कुणीही बघावं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मोहरमची सवारी हिंदू घरातला माणूस धरतो, आलाव्याभोवती, म्हणजे मोहरमच्या अग्निकुंडाभोवती, सगळी आळी गोळा होते. या माणसांना सहिष्णुता कुणी शिकवली नाही. सवारी धरणं हे त्यांचं घरातलं काम आहे, बैलपोळ्याइतकं.

बौद्धांचंही तेच. 1941 मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले. पंधरा वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त महाराष्ट्रात राहतात. त्यांना कोणत्या तोंडानं अल्पसंख्याक पाहुणे म्हणणार?

आता कडू भाग. तो टाळून गोडवा गायला मला आवडत नाही. निजामाच्या काळात रझाकारांनी या भागात गावं लुटली, माणसं मारली. सीमेवरच्या कॅम्पांतून त्यांच्याशी लढलेल्यांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर सूड उगवला तो साध्या मुसलमान शेजाऱ्यांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. आपलं नाव त्या यादीत आहे. पहिली गोष्ट आपण दर 17 सप्टेंबरला झेंड्याखाली सांगतो, ती सांगितलीच पाहिजे. दुसरी मात्र कुणी सांगत नाही. सवारी धरणारा गाव आणि शेजाऱ्याचं घर जाळणारा गाव वेगवेगळ्या मुलखांतले नव्हते. म्हणून तर सलोखा आपल्या रक्तातच आहे, हे वाक्य मला सहन होत नाही. रक्तात काही नसतं. दर पिढीला शेजार नव्यानं राखावा लागतो, आणि त्यासाठी आधी शेजारी कोण ते माहीत असावं लागतं.

2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. नावावरून भांडायचं तेवढं भांडून झालं. आता जिल्हा परिषदेच्या शाळांनी एक साधी गोष्ट करावी. सहल दूरच्या वॉटर पार्कला नेण्याआधी सातवी-आठवीच्या पोरांना एसटीत बसवावं आणि सकाळी लेणी, मग दर्गा, दुपारी तेर असा फेरा करावा. कुंथलगिरी पुढच्या वर्षी. त्रिविक्रमाच्या मागची गोल भिंत पोरांना हात लावून बघू द्यावी. आणि परतीच्या वाटेवर गुरुजींनी 1948 ची हकीकत सांगावी, रझाकारांची आणि त्यानंतरची, दोन्ही.