जुनं करून मिळेल

सुतारकाम चालू असताना "ओरखडा पडू देऊ नका हं" असं बजावत मागेमागे फिरायचं, ही आपल्याकडची रीत. बायकोनं मात्र नव्या कोऱ्या टीपॉयवर साखळी, हातोडी आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाली, "काका, हाणा."

उभा जन्म चरे बुजवण्यात गेलेल्या सुतारकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

"वहिनी, रंधा कालच मारलाय."

"म्हणून तर!"

अँटिक लुक हवा होता. खरं अँटिक परवडत नाही, आणि परवडलं तरी त्यात कुणाचे ढेकूण येतील सांगता येत नाही. मग लाकडाला कडक काळ्या चहाचा हात दिला. तो सुकल्यावर, स्टील वूल रात्रभर बुडवून ठेवलेलं व्हिनेगर फासलं. चहातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की लाकूड बघता बघता करडं-काळं होतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तोच न्याय. वास मात्र लोणचं बिघडल्याचा.

साखळीचे सरसकट घाव बघून काकांमधला कारागीर जागा झाला. "असं नसतं हो. टेबल म्हातारं कुठं होतं? हात लागतो तिथं, पाय टेकतो तिथं." त्यांनी पॉलिश पेपर घेऊन खालच्या आडव्या पट्टीची वरची कड तेवढी गोल केली. ड्रॉवरच्या मुठीभोवती काळपट मळ ठेवला. चारही पाय तळाशी बोटभर गडद केले, कारण रोजची ओली फरशी तेवढीच वर चढते. एवढं निरीक्षण मी चाळिशीतल्या स्वतःचंही केलेलं नाही.

किड्याची भोकं पाडायला मात्र काका साफ नाही म्हणाले. "पोखरलेलं लाकूड कुणाला दिलं नाही आजवर. आता हातानं कीड लावू?"

वर मेण घासून टीपॉय दिवाणखान्यात आला. "आजोबांच्या काळातला दिसतो," असं पाहुणे म्हणतात. बायको "हो" म्हणते. कुणाच्या आजोबांच्या, ते सांगत नाही.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याला अशी वस्तू किमान शंभर वर्षांची लागते. दुकानदारांना तेवढा धीर नसतो. म्हणून चोर बाजारात जाल तेव्हा टाचणी न्या. खऱ्या किड्याचं भोक आत गेल्यावर सहसा वळतं. टाचणी प्रत्येक भोकात सरळ खोल गेली, तर ते ड्रिल मशीनचं काम समजा आणि निम्म्या भावापासून बोलायला लागा.