मेण का सीलंट?

आमच्या लक्ष्मीनगरातले एक काका पहाटे साडेपाचला गाडीच्या बॉनेटवर उलटा हात ठेवून ताप बघतात. पत्रा थंड असला तरच मेण लावायचं, तापल्या पत्र्यावर डाग पडतात. नागपूरच्या मे महिन्यात हा मुहूर्त जेमतेम तासभर टिकतो. तेवढ्यात दूधवाला, पेपरवाला आणि मी त्यांच्या तावडीत सापडतो.

"बोला, मेण का सीलंट?"

एकदा मी "काहीही चालते न" म्हणालो. काका दोन दिवस बोलले नाहीत. दोनच दिवस, हे माझं नशीब.

काका मूळचे मेणवाले. कार्नोबा मेण येतं ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून. उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच ते अंगावर चढवतं. "म्हंजे झाड आपल्यासारखंच उन्हातलं आहे न बावा! 82 डिग्रीशिवाय वितळत नाही!" पण ते निव्वळ मेण. डबीत त्याच्यासोबत तेलं असतात, द्रावक असतं. दीड-दोन महिन्यांत सगळं गायब. हे कळलं आणि काकांच्या श्रद्धेला तडा गेला. सीलंट पडलं कारखान्यातलं पॉलिमर, रंगाला धरून चार-सहा महिने राहतं.

"पण चमक पाहा न त्याची! प्लॅस्टिकच्या फुलासारखी. मेणाची कशी, धुतलेल्या जांभळासारखी!"

गाडी काळी आहे. तिला सिमेंट रोडची धूळ लागू नये म्हणून काका सीताबर्डीच्या बाजारात स्कूटरनं जातात आणि काकू ऑटोनं.

शेवटी गेल्या नवतपात त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. बॉनेटच्या मधोमध टेप चिकटवली. डावीकडे मेण, उजवीकडे सीलंट. एरवी कव्हरखाली झाकलेली गाडी नऊ दिवस अंगणात, भर उन्हात. पत्रा किती तापतो हे मोजायला घरातला तापाचा थर्मामीटर आणला. त्याची धाव 42 पर्यंत. बॉनेटपर्यंत पोचायच्या आधीच, पायरीवर, पारा शेवटच्या रेघेला टेकला. मग रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतून दोन्हीकडचे थेंब निरखायचे, कोणता टपोरा राहतो आणि कोणता पसरतो. निरखायला शेजारीही बोलवायचे. चहा मिळायचा, म्हणून आम्ही जायचो.

सातव्या दिवशी काका बँकेतून परतले तर बॉनेटवर काकूंची जुनी सुती साडी अंथरलेली आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलेले कणकेचे सरगुंडे. काकांचा आवाज चौकापर्यंत ऐकू आला.

काकूंनी शांतपणे एक सरगुंडा मोडून पाहिला. "ओरडता काहून? उजवीकडचे वाळले. डावीकडचे अजून लवचिक आहेत."

काका गप्प झाले. खिशातून डायरी काढली, घड्याळ पाहिलं आणि वेळ टिपून घेतली.