पऱ्हाट्यांच्या अल्याड-पल्याड

आमच्या आणि काकूंच्या अंगणांमध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण आहे. दर पावसाळ्यात ते वीतभर खाली बसतं आणि आमच्या गप्पा हातभर वाढतात. परवा मी भांडी घासायला बसले, तोच पलीकडून आवाज आला.

"आगं, आइकलं का? पाण्याच्या टाकीखालच्या जागेत बाकडे यायलेत म्हणं."

"कोणाच्या निधीतून?"

"बघ! तुला बाकड्याआधी निधीच दिसतो."

दिसणारच. आपल्याकडं सिमेंटचं बाकडं म्हणजे आधी पाठीवर रंगवलेलं नाव आणि मग बसायची जागा. टेम्पो जिथं थांबला तिथंच ते उतरवायचं, भर उन्हात. चार पावलांवर झाड असलं तरी सरकवायचं नाही. माझ्या माहेरी तर व्यायामाची लोखंडी यंत्रं आली. आठ दिवस पोरं लोंबकळली, नंतर एकाचा पाय निखळला. आता आई त्यावर गोधड्या वाळत घालते. दोरीपेक्षा लवकर वाळतात म्हणते. गावाला काय पाहिजे, हे कुणी गावाला विचारलंच नव्हतं.

"माझा भाचा राहतो ना अमेरिकेत, सिएटलला," काकू म्हणाल्या, "तिथं उलटं हाय म्हणं. गल्लीनं आधी सांगायचं आम्हाला काय करायचंय, आम्ही किती घालणार. मंग नगरपालिका त्याच्या बरोबरीनं पैसे देती. 1988 पासून चाललंय. एका पुलाखाली लई कचरा व्हायचा, उकिरडाच. तर तिथल्या लोकांनी काय केलं? राक्षस बसवला!"

"राक्षस?"

"सिमेंटचा. घराएवढा. मुठीत एक खरीखुरी मोटार धरलेली. त्यानं फोटो दाखवला मला. लेकरं त्याच्या अंगावर चढून बसतेत."

हा राक्षस खरा आहे. फ्रेमाँट वस्तीतल्या पुलाखाली 1990 मध्ये तो बसवला, तोही याच बरोबरीच्या निधीच्या मदतीनं. आपल्याकडं पुलाखाली राक्षस बसवतो म्हटलं तर आधी शांती करावी लागेल, हा भाग वेगळा.

"पण बरोबरीनं म्हणजे कसं गं?" काकूंनी विचारलं. भाच्यानं सांगितलं होतं, पण नीट बसलं नव्हतं.

मी म्हटलं, "येलदरी धरणाचं बघा. वरून येलदरीनं पाणी सोडलं की आपलं सिद्धेश्वर भरतं. पूर्णा तीच, धरणं दोन. आता समजा येलदरीवाले म्हणाले, तुम्ही खाली जेवढं साठवाल तेवढंच आम्ही वरून सोडू. तसं."

"मंग दुष्काळात मेलोच की."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. ज्या गल्लीत घालायलाच काही नाही, तिच्या बरोबरीला कोण येणार? सिएटलला त्यावर तोड आहे. पैसाच पाहिजे असं नाही, गल्लीतल्यांनी राबलेले तासही वर्गणीतच मोजतात. कुणी विटा दिल्या, त्यांचीही किंमत धरतात.

"मंग त्यात काय नवल?" काकू उसळल्या. "आपल्याकडं लोकवर्गणी न्हाई का? सप्त्याला पायलीभर गहू दिले तरी भोंग्यावर नाव घेतेत."

खरंय. सप्त्याची वही मी पाहिली आहे. कुणी तेलाचा डबा दिला, कुणी पत्रावळी, सगळं लिहिलेलं. सरकारलाही ही रीत ठाऊक आहे. आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, ते लोकांच्या हातातल्या झाडूवरच चाललं. स्वजलधारा या पाणी योजनेत गावानं दहा टक्के घालायचे होते. जलजीवनमध्येही गावातल्या कामाचा साधारण दहावा हिस्सा गावाचा, आणि तो रोख, वस्तू किंवा श्रम, कसाही चालतो असं नियमच सांगतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, 17 सप्टेंबर 2025 ला, मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं, त्यातही श्रमदानाचं वेगळं कलम आहे.

कलम आहे, पण वही कुठाय? सप्त्याच्या वहीत गहू चढतो, पुऱ्या लाटणाऱ्या बायका चढत नाहीत. टाकीखालची जागा आमच्या बचत गटानंच साफ केली. गाजरगवत एवढं माजलं होतं की उपटून हात खाजून लाल झाले. पण त्याची ओळसुद्धा कुठं नाही. बाकडं आलं तर ते मात्र अमक्यातमक्याच्या निधीतून.

"मांड बरं हिशोब," काकू म्हणाल्या. मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि मोरीच्या फरशीवर मांडला. अकरा बायका, दोन-दोन तास, आठ आइतवार. झाले 176 तास. आठ तासांचा दिवस धरला तर बावीस दिवस. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. बावीस गुणिले 312.

"सहा हजार आठशे चौसष्ट," मी म्हटलं.

काकू कुंपणावरून वाकल्या, तेव्हा दोन पऱ्हाट्या मोडल्या. "एवढे? आन् त्याच्या बरोबरीनं तेवढेच वरून आले तर?"

"तेरा हजार सातशे अठ्ठावीस."

"मला बाकडं नको गं," त्या म्हणाल्या. "तिथल्या लिंबाला दगडी पार बांधा. बाकड्यावर तिघीच बसतेत. पारावर पाचजणी, शिवाय धान्य निवडता येतं. आन् नाव नका घालू कोणाचं, निवडताना टोचतं."

ग्रामसभेत हेच बोला, मी म्हटलं. काकू म्हणाल्या, तिथं बसायला जागा कुठं असती बायांना, दारात उभं राहून काय बोलायचं. मग जरा वेळानं फरशीकडं पुन्हा बघत म्हणाल्या, "त्या लिंबाला मी चार उन्हाळे पाणी घातलंय. ते धरलंस का?"

"धरते. रोजचा पाव तास लिहू?"

"पाव तास? घागर डोक्यावर घेऊन तू चल बरं एकदा."

मी अर्धा तास लिहिला.