किमान पंचाऐंशी टक्के

दहावीचा निकाल शिळा झाला की सत्कारांचा हंगाम सुरू होतो. तालुक्याच्या गावी, रविवारी, मंगल कार्यालयाच्या दारात फ्लेक्स लागतो: 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वाटप'. फ्लेक्सवर अकरा चेहरे, त्यांत विद्यार्थी एकही नाही. आत पहिल्या रांगेत ते होतकरू, त्यांच्या मागे आया, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेल्या. पाहुणे दीड तास उशिरा. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ (पाहुण्यांना), प्रास्ताविक, आणि प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय. शेवटी अडीच हजारांचा धनादेश. कागद वीतभर, पण धरायला चार माणसं, कारण फोटोत चौघांनाही यायचं असतं. पोरगं पाचवं. ते कोपऱ्यात अर्धं कापलं जातं.

देणाऱ्यांची टवाळी करणं सोपं आहे, आणि आजवर कुणाला दमडी न दिलेल्यांचा तो आवडता छंदही आहे. पदरचे पैसे काढून देणाऱ्याला एखादा फोटो खुशाल घेऊ द्यावा. माझं भांडण फोटोशी नाही, अर्जाशी आहे.

तो अर्ज एकदा वाचाच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, आणि 'माझी कौटुंबिक परिस्थिती' या विषयावर तीनशे शब्द. म्हणजे नुसतं गरीब असून भागत नाही, गरिबी शुद्ध मराठीत लिहिताही आली पाहिजे. बाप दारू पितो हे लिहावं की लिहू नये, यावर घरात खल होतो. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत: 'किमान ८५ टक्के गुण आवश्यक'.

इथे गंमत होते. ब्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी सगळ्याच मंडळांना हवी असते. तिला पाच ठिकाणांहून पाच स्मृतिचिन्हं मिळतात, आणि पाच सॅकही. तिचं कौतुक व्हावंच, तिची काही चूक नाही. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर ग्लास विसळून, रात्री अकराला पुस्तक उघडून अठ्ठावन्न टक्क्यांवर पोचलेल्या मुलाचं काय? अकरावीची फी नाही म्हणून शाळा सुटायची ती नेमकी याची. याच्या अर्जाला उत्तरही येत नाही. आपण म्हणतो गरिबाला मदत केली. प्रत्यक्षात गरिबांतल्या पहिल्या नंबराला बक्षीस दिलेलं असतं.

वेळही अशीच. फी भरायची जूनमध्ये, सत्कार ऑगस्टमध्ये. मधल्या काळात शेळी विकून झालेली असते.

आता एका जुन्या गुणपत्रिकेकडे या. १९०७ साल, मुंबई, एल्फिन्स्टन हायस्कूल. परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. टक्के काढा: साडेसदतीसच्या आसपास. त्याचा अर्ज आजच्या कुठल्याही मंडळाच्या कारकुनानं तिथल्या तिथे बाजूला सारला असता. नाव भीमराव रामजी आंबेडकर.

सत्कार तेव्हाही झाला, बरं का. अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. केळुसकर या मुलाला आधीपासून ओळखत होते. चर्नी रोडच्या बागेत तो वाचत बसलेला त्यांनी पाहिला होता. त्यांची चौकशी गुणपत्रिकेपासून सुरू झाली नव्हती. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा हेच केळुसकर त्याला बडोद्याच्या महाराजांकडे, सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी चार प्रश्न विचारले आणि २५ रुपये मंजूर केले. दर महिन्याला. ते 'दर महिन्याला' महत्त्वाचं आहे, कारण भूक आणि भाडं ही दोन्ही महिन्याच्या महिन्याला येतात, वार्षिक स्नेहसंमेलनासारखी एकदा येत नाहीत.

सरकारकडे काय बोट दाखवायचं? १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं एक योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना, शाळेत आल्या त्या प्रत्येक दिवशी एक रुपया. वर्षाला फार तर २२०. तेव्हा त्या रुपयाला थोडी किंमत होती. तीस वर्षं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. आमदारांच्या भत्त्यांनी एवढा संयम पाळल्याचं ऐकिवात नाही.

हल्ली मोठ्या देणगीदारांना, विशेषतः कंपन्यांना, दिलेल्या पैशाचं काय झालं याचा अहवाल लागतो. लाभार्थी किती, निकाल काय, यशोगाथा कोणती, सोबत छायाचित्र. बडोद्याच्या त्या शिष्यवृत्तीचा अहवाल एखाद्या तरुण, चटपटीत अधिकाऱ्यानं १९१७ च्या अखेरीस लिहिला असता, तर तो साधारण असा झाला असता:

'लाभार्थी: एक. मॅट्रिकचे गुण: निकषापेक्षा फार कमी, शिफारशीवरून घेतले. १९१३ पासून तीन वर्षं अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा लेखी करार. लाभार्थी बडोद्यात हजर झाला, परंतु जातीमुळे राहायला कुणी जागा देईना. पारशांच्या धर्मशाळेत उतरला होता, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईस रवाना. करारभंग. छायाचित्र उपलब्ध नाही. शेरा: असमाधानकारक. पुढील वर्षापासून गुणांची अट कडक करावी.'