बजेटमध्ये बसणारा

फ्लॅटचे फोटो काढून द्यायचा धंदा करू पाहणाऱ्या माणसापुढे पहिलं गिऱ्हाईक उभं राहण्याआधी पहिला प्रश्न उभा राहतो: बजेटमध्ये कोणता कॅमेरा घ्यावा? वाकड, आंबेगाव, खराडी असल्या, जिथे दर चौकात एक इस्टेट एजंट आणि दर एजंटाकडे चाळीस रिकामे फ्लॅट असतात, अशा भागात हा माणूस हमखास सापडतो. कधी तो लग्नसराईत दुसऱ्याच्या हाताखाली शूटिंग करणारा आणि चातुर्मासात मोकळा पडणारा असतो, कधी आयटीतला, शनिवार-रविवारी जोडधंदा शोधणारा. दोघांचीही खूण एकच, एक्सेल शीट. डाव्या बाजूला कॅमेऱ्यांची नावं, वर गुणांचे रकाने, आणि शेवटी ‘बजेट’ नावाचा एक पिवळा रंगवलेला रकाना. हे बजेट ठरवलेलं त्याने स्वतःच असतं, त्यामुळे ते मोडायचा अधिकारही तो स्वतःकडेच ठेवतो. चाळीस हजारांनी सुरुवात होते. मग ‘अजून पाच टाकले तर’ पुढचं मॉडेल येतं, त्यावर ‘थोडं स्ट्रेच केलं तर’ त्याच्याही पुढचं. असं पाच-पाच टाकत तो लाखावर पोचतो. हातात अजून एकही कॅमेरा नसतो, पण दोनदा अपग्रेड करून झालेलं असतं.

त्याला हसणं सोपं आहे, आणि हसावंही. मात्र तो अडाणी नसतो. सेन्सरच्या आकारापासून बॅटरीच्या कॉन्टॅक्टपर्यंत सगळं त्याला ठाऊक असतं. फसतं ते एकाच ठिकाणी: ही सगळी माहिती तो कॅमेऱ्याविषयी जमवतो, घराविषयी नाही. घर ही वस्तू हलत नाही, आणि कोणता कॅमेरा परवडतो याचं निम्मं उत्तर एवढ्यात आहे. महागड्या बॉडीचे जे जास्तीचे पैसे पडतात ते बरेचसे हलणाऱ्या जगासाठी असतात. सेकंदाला वीस फ्रेम, पक्ष्याचा डोळा ओळखून त्याच्यामागे धावणारा फोकस, अंधाऱ्या मांडवात नाचणारी वरात गोठवून धरणारा आयएसओ. फ्लॅटमध्ये धावणारी वस्तू म्हणजे फार तर झुरळ, आणि ते फोटोत येऊ नये अशीच मालकाची इच्छा असते. सोफा अर्धा सेकंद स्थिर राहायला तयार असतो, खरं तर तो दहा वर्षं राहिलेला असतो. त्यामुळे कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ आठ, आणि शटर लागेल तेवढा वेळ उघडं. हे काम दहा वर्षांपूर्वीची क्रॉप सेन्सरची बॉडी तक्रार न करता करते. अंधार हा तिच्यापुढचा प्रश्नच उरत नाही, कारण इथे उजेडाची वाट बघता येते.

फ्लॅटमध्ये एकच गोष्ट हलते, आणि तिचा उल्लेख त्याच्या एक्सेल शीटमध्ये कुठेही नसतो. तो छताचा पंखा. खोलीच्या आतला उजेड आणि खिडकीबाहेरचं ऊन एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून तोच फोटो कमी-जास्त उजेडाने तीन किंवा पाच वेळा काढून नंतर एकत्र करतात. पंखा चालू असेल तर त्या पाच फोटोंत पाती पाच ठिकाणी असतात, आणि जोडलेल्या चित्रात छताला एक राखाडी जळमट लटकलेलं दिसतं. ते पुसायला संगणकावर जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरी खोली काढून होते. उपाय भिंतीवरचं बटण. मालकांना घाम फुटतो, ते कुरकुरतात, दोन मिनिटांनी स्वतःच पंखा लावून बाल्कनीत जातात, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या धंद्यातली निम्मी कौशल्यं अशीच आहेत: कपाटाच्या आरशात ट्रायपॉड आणि त्यामागचा माणूस दिसत नाही ना ते बघणं, बाल्कनीतल्या दोरीवरचे टॉवेल काढायला लावणं, एका खोलीत पांढरी ट्यूब आणि पिवळा एलईडी एकदम लावून भिंतीला कावीळ होऊ न देणं. यांना पैसे पडत नाहीत आणि यांचा रिव्ह्यूही कुणी करत नाही, मग शीटमध्ये येणार कुठून?

निम्मं उत्तर घराने दिलं, उरलेलं निम्मं गिऱ्हाईक देतं. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. तो एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तिथून पोर्टलवर, आणि दोन्ही ठिकाणी त्याची चरबी काढली जाते. शेवटी घर शोधणारी मंडळी तो बघतात ती लोकलमध्ये उभ्याने, उभा फोन एका हातात धरून. पडद्याची रुंदी १०८० ठिपके धरली तर आडव्या फोटोच्या वाट्याला १०८० बाय ७२०, म्हणजे २ कोटी ४० लाखांपैकी जेमतेम पावणेआठ लाख ठिपके येतात. तरी आपले गृहस्थ ‘चोवीस की पंचेचाळीस’ या वादात आठवडे घालवतात. पंचेचाळीसवाल्याचंही पावणेआठ लाखच दिसणार असतं.

मग पैसे घालायचे कुठे? आधी वाइड लेन्सवर. बॉडीबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स क्रॉप सेन्सरवर आडवी साधारण ६४ अंशांचं जग दाखवते. पुण्यातल्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये पाठ कपाटाला लावून उभं राहिलं तरी तिच्यात पलंग एक तर डोक्याकडून येतो नाही तर पायाकडून. कॅनॉनने २०१४ साली काढलेली १०-१८ किंवा निकॉनने २०१७ साली काढलेली १०-२० या दोन्ही वजनाने हलक्या, दिसायला प्लॅस्टिकच्या आणि म्हणूनच आपल्या गृहस्थांच्या मनातून उतरलेल्या लेन्स. त्यातली पहिली १० मिलिमीटरवर जवळजवळ ९७ अंश पाहते. तिचं अ‍ॅपर्चर मोठं नाही ही तिच्यावरची मुख्य तक्रार. एफ आठवर काम करणाऱ्याने ही तक्रार करणं म्हणजे टेरेस फ्लॅट घेऊन वर पाऊस पडतो म्हणून रडणं. त्यानंतर ट्रायपॉड. इथे हा माणूस खरा उघडा पडतो. लाखाच्या बॉडीखाली तो जो ट्रायपॉड लावतो त्याचा एक पाय कायम पोलिओच्या डोसाची वाट बघत असतो, कारण ‘ट्रायपॉड काय, कुठलाही चालतो’. वास्तविक त्याने काढलेल्या फोटोतलं घर बांधलेलं वाटतं की कोसळतंय असं वाटतं, हे ट्रायपॉडच ठरवतो. कॅमेरा जरा वर-खाली झुकला की वाइड लेन्समध्ये दाराच्या चौकटी एकमेकींकडे कलतात. छातीच्या उंचीवर, दोन्ही दिशांनी लेव्हल केलेला कॅमेरा एवढाच त्यावरचा इलाज. याच कामासाठी टिल्ट-शिफ्ट नावाच्या लेन्स मिळतात, कॅनॉनची १७ मिलिमीटरची २००९ पासून आहे, आणि तिच्या किमतीत एखाद्या गावाकडच्या घराला नवीन छप्पर पडेल. वास्तुशिल्पींच्या मासिकासाठी काम करणाऱ्याने ती घ्यावी. धायरीतल्या रिसेल वन बीएचकेच्या चौकटी पाण्याच्या बुडबुड्यावरही सरळ उभ्या राहतात.

वाइड म्हटल्यावर मात्र आपले गृहस्थ थांबत नाहीत. ९७ अंश मिळाले तर ११० का नाही? अशा लेन्समधून हॉल मंगल कार्यालयासारखा दिसतो, कडेला उभा असलेला फ्रिज दोन फ्रिजांएवढा होतो, आणि वॉशबेसिनमध्ये म्हैस धुता येईल असं वाटतं. एजंट खूश. पण फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब दारातच थबकतं, आई म्हणते, “फोटोत मोठा वाटला होता हो,” आणि वडील डोळ्यांनीच टेप लावतात. रेरा कायद्याने कार्पेट एरिया कशाला म्हणायचं ते नक्की केलं, महाराष्ट्रात बिल्डरच्या जाहिरातीवर महारेराचा नंबर लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. फोटो किती मिलिमीटरवर काढला ते मात्र कुठेही छापावं लागत नाही. ही सूट आहे तोवर फोटोग्राफरने स्वतःच हात आखडता घेतलेला बरा. फुकट गेलेल्या चार भेटींनंतर एजंटच म्हणायला लागतो की जरा कमी वाइड काढा.

यावर आपल्या गृहस्थांकडे तयार आक्षेप असतात, आणि ते सगळेच टाकाऊ नसतात. पहिला: भारी सेन्सर एकाच फोटोत खिडकी आणि खोली दोन्ही धरतो, पाच-पाच फोटो जोडायची कटकट वाचते. हे बऱ्याच अंशी खरं आहे. दिवसाला पाच-सहा घरं करणाऱ्याला ही बचत महत्त्वाचीही आहे. पण ज्याला महिन्याला चार घरं मिळायची मारामार आहे त्याने वेळ वाचवून तो ठेवायचा कुठे? दुसरा: मोठा कॅमेरा पाहिला की गिऱ्हाईक वचकून असतं, दर चांगला मिळतो. लग्नात हे खरं, तिथे वधूपिता कॅमेऱ्याकडे बघतो. एजंट घड्याळाकडे बघतो. त्याला फोटो संध्याकाळी हवे असतात, कारण बाजूच्या बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट दुसऱ्या एजंटाने दुपारीच चढवलेला असतो. तिसरा आक्षेप उलट्या दिशेचा: एवढं सगळं फोनवरच बघतात तर फोनवरच का काढू नये? भाड्याच्या वन बीएचकेसाठी जरूर काढावेत, त्यात लाज काही नाही. पण फोनच्या अल्ट्रा-वाइडला झूम करून मधली जागा गाठता येत नाही, त्याचे कोपरे ताणलेले असतात, आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये तो स्वतःच्या मनाने भिंती गुळगुळीत करतो. शिवाय फोनवर एजंट स्वतःच काढू शकतो. पैसे मागायला काहीतरी फरक दाखवावा लागतो, आणि सरळ चौकटी आणि जळलेली नसलेली खिडकी हा फरक पावणेआठ लाख ठिपक्यांतही दिसतो.

चौथा आक्षेप मनातला असतो, तो सेकंडहँडचा. मुंबईत बोरा बाजारात जाऊन जुनी बॉडी घ्यावी असं सुचवलं की त्याचा चेहरा स्थळ बघायला नेल्यासारखा होतो. भीती अगदीच निराधार नाही. आपल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून लेन्स उजेडासमोर धरून आतून बघावी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किमतीचं बोलूच नये. बॉडीचं मात्र गणित मांडता येतं. एका फ्लॅटचे वीस कोन, प्रत्येकी पाच फोटो, म्हणजे शंभर क्लिक. ज्या बॉडीचं शटर कंपनी लाखभर क्लिकांसाठी तपासते, तिचे चाळीस हजार वापरून झाले असतील तरी सहाशे फ्लॅट शिल्लक राहतात. सहाशे फ्लॅट मिळाले तर नवीन कॅमेरा कुठल्या पैशांनी घ्यायचा हा प्रश्न उरत नाही. उलटही मोजून बघावं: फ्लॅटमागे दोन हजार धरा, बॉडी-लेन्स मिळून तीन लाख धरा, नुसती भरपाई व्हायला दीडशे फ्लॅट. हा भागाकार त्याच्या शीटमध्ये सहज बसला असता. तो टाळला जातो याचं कारण असं की भागाकार केला तर लगेच एजंटाच्या काचेचं दार ढकलून आत जावं लागतं, ‘साहेब, फोटो काढून देतो’ म्हणावं लागतं, आणि ‘आमचा पोरगा मोबाइलवर काढतो’ हे ऐकून घ्यावं लागतं. कॅमेरा निवडत बसण्यात हा अपमान नाही. घरच्यांनाही वाटतं, मुलगा अभ्यास करतोय.

हल्ली त्याची शीट हवेत गेली आहे. एका रकान्यात ड्रोन आलं आहे, कारण सोसायटीचा वरून काढलेला फोटो असला तर पॅकेज भारी वाटतं. २४९ ग्रॅमचं मॉडेल त्याने हेरून ठेवलंय. भारतात २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन ‘नॅनो’ गणलं जातं आणि ते उडवायला पायलटचं लायसन लागत नाही, हे त्याने २०२१च्या नियमांत स्वतः वाचलंय. त्या वाचलेल्या एका ग्रॅमचा त्याला फार आनंद आहे. खराडीच्या शेजारी लोहगाव आहे, लोहगावला वायुदलाचा तळ आहे, आणि लाल झोनमध्ये सरकारच्या परवानगीशिवाय एक ग्रॅमसुद्धा उडवता येत नाही, हे त्याला मित्राने सांगितलं. त्यावर त्याने शीटमध्ये एक नवा रकाना घातला: ‘लोकेशन’. आता तो अजून पाच टाकले तर तळेगावला काम मिळेल का ते बघतोय.